पंडिता रमाबाई : ठेव, हिशेब आणि कारभारीपण

मराठी ख्रिस्ती लेखनात 'कारभारी' या शब्दाला एक विशिष्ट अर्थच्छटा प्राप्त झालेली आहे. पेशवाईच्या परंपरेत धन्याच्या वतीने दौलतीचा व्यवहार पाहणारा तो कारभारी. खेड्यातील स्त्री आपल्या नवऱ्याचा उल्लेख करते तोही पुष्कळदा याच शब्दाने. बायबलच्या मराठी भाषांतरकारांनी लूककृत शुभवर्तमानातील दाखल्यासाठी आणि पौलाच्या पत्रांसाठी हाच शब्द स्वीकारला आणि त्याबरोबर एक संपूर्ण नीतिविचार मराठीत आला. माणसाजवळचा पैसा, त्याची विद्या, त्याच्या अंगचे गुण आणि त्याच्या आयुष्याचे दिवस ही त्याची मालमत्ता नव्हे. ती सोपवलेली ठेव होय आणि तिचा हिशेब केव्हातरी द्यावा लागणार आहे, असा हा विचार आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानातील तीन चाकरांच्या दाखल्यात ठेव जमिनीत पुरून ती जशीच्या तशी परत करणारा चाकर दोषी ठरतो. त्याने काही गमावलेले नसते, काही चोरलेले नसते. त्याने ठेव कामाला लावलेली नसते, एवढाच त्याचा अपराध. सांभाळणे आणि वापरणे यांतील हा फरक ख्रिस्ती कारभारीपणाच्या कल्पनेचा गाभा आहे.

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात ही कल्पना ज्यांच्या चरित्रात सर्वांत कसोटीला लागली, त्यांत पंडिता रमाबाईंचे नाव प्रथम घ्यावे लागते. रमाबाईंच्या चरित्राची मांडणी बहुधा दोन तुकड्यांत केली जाते. कलकत्त्याच्या पंडितांना थक्क करणारी विदुषी आणि 'शारदा सदना'ची संस्थापिका हा पहिला तुकडा. केडगावची धर्मप्रसारक बाई हा दुसरा. सुधारणेच्या इतिहासकारांना पहिला प्रिय, मिशनच्या चरित्रकारांना दुसरा. परंतु पैसा, विद्या आणि वेळ यांचा विनियोग कसा करावा व त्याचा हिशेब कोणाला द्यावा, हा प्रश्न दोन्ही तुकड्यांतून सलग वाहताना दिसतो. त्याचा उगम त्यांच्या बाप्तिस्म्याच्याही आधीचा, थेट पित्याच्या घरातला आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील गंगामूळ येथील अरण्यात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पुण्यास रामचंद्रशास्त्र्यांकडे अध्ययन केले होते. गुरुजी दुसऱ्या बाजीरावाच्या पत्नीस संस्कृत शिकवीत असत. ते पाहून आपल्या पत्नीलाही संस्कृत शिकवावे अशी इच्छा अनंतशास्त्र्यांच्या मनात निर्माण झाली. लोकविरोधामुळे ते रानात जाऊन राहिले आणि तेथे पत्नी लक्ष्मीबाईंना त्यांनी शिकविले. पुढे लक्ष्मीबाईंनीच रमाबाईंना शिकविले. विद्या ही पुरून ठेवण्याची वस्तू नव्हे, हा धडा या घराने धर्मांतराच्या कितीतरी आधी गिरविलेला होता.

पैशाच्या बाबतीत मात्र या घराचा अनुभव वेगळा होता. आश्रमात विद्यार्थी, यात्रेकरू, अतिथी यांचा राबता. आल्यागेल्याच्या सरबराईत द्रव्य संपले, कर्ज झाले आणि रमाबाई तान्ह्या असतानाच कुटुंब तीर्थयात्रेस बाहेर पडले. देवळाच्या आवारात पुराण सांगावे, श्रोते वाहतील ते घ्यावे, हा त्यांचा चरितार्थ. भिक्षा मागावयाची नाही, हा अनंतशास्त्र्यांचा बाणा. मिळालेल्या द्रव्याचा मोठा भाग ब्राह्मणभोजन, दाने, व्रते व उद्यापने यांत पुण्यप्राप्तीसाठी खर्च होत असे. १८७० नंतरच्या दशकात मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला तेव्हा गाठीस काही उरलेले नव्हते आणि अंगमेहनतीचा कोणताही धंदा येत नव्हता. उपासमारीने गांजून प्रथम वडील, मागोमाग आई आणि थोरली बहीण मरण पावली. हा प्रसंग रमाबाईंनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी साक्षीत सविस्तर सांगितला आहे. पित्याविषयीचा आदर तेथे कोठेही उणावत नाही. परंतु द्रव्याच्या अशा विनियोगाबद्दलचा आणि हातांना काम न शिकविण्याबद्दलचा त्यांचा निर्णयही तितकाच स्पष्ट आहे. केडगावच्या प्रत्येक मुलीला एखादा तरी हातधंदा आलाच पाहिजे, हा त्यांचा पुढचा आग्रह या दुष्काळाकडे लक्ष दिल्यावाचून नीट समजत नाही.

भाऊ श्रीनिवास आणि रमाबाई पायी हिंदुस्थान पालथा घालीत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी त्यांची परीक्षा घेऊन त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. पुढची चार वर्षे झपाट्याची आहेत: १८८० मध्ये भावाचा मृत्यू, त्याच वर्षी बिपिनबिहारी दास मेधावी या वकिलांशी जातिबाह्य नोंदणी विवाह, १८८१ मध्ये कन्या मनोरमेचा जन्म, १८८२ च्या फेब्रुवारीत पतीचा मृत्यू. त्याच वर्षी पुण्यास येऊन त्यांनी 'आर्य महिला समाज' स्थापन केला, हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष दिली आणि 'स्त्रीधर्मनीति' लिहून प्रसिद्ध केली. १८८३ मधील इंग्लंडच्या प्रवासाचा खर्च या पुस्तकाच्या विक्रीतून उभा राहिला. एका तरुण विधवेने मराठी ग्रंथाच्या उत्पन्नावर समुद्रपर्यटन करावे, ही घटना मराठी ग्रंथव्यवहाराच्या इतिहासात नोंदली जावयास हवी. ती जावी तशी नोंदली गेलेली नाही.

इंग्लंडमध्ये वाँटेज येथील भगिनीमंडळाच्या आश्रयास असताना २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. वैद्यक शिकण्याचा मूळ बेत ऐकू कमी येत असल्यामुळे सोडावा लागला. १८८४ ते १८८६ या काळात चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या महाविद्यालयात त्या शिकत होत्या आणि संस्कृत शिकवीतही होत्या. येथेच देणगीच्या मालकीचा प्रश्न पहिल्यांदा उघडपणे उपस्थित झाला. रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे काय, यावर मुंबईच्या व लाहोरच्या बिशपांनी आक्षेप घेतला. हिंदुस्थानात परतल्यावर त्यांच्या कार्याला याने बाध येईल, असे त्यांचे म्हणणे. स्वदेशात स्त्रीपुरुषांच्या सभांपुढे शास्त्रार्थ सांगितलेल्या स्त्रीला हा उपदेश मानवणे शक्यच नव्हते. सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहारात या वादाचे आणि त्यामागील व्यापक भूमिकेचे दर्शन घडते. ज्याने विद्या दिली त्याच्याशी आपला थेट संबंध आहे, मध्यस्थाच्या परवानगीने ती वापरावयाची नाही, असा त्या भूमिकेचा आशय. ख्रिस्ती कारभारीपणाची शिकवण त्यांनी चर्चकडून घेतली आणि पहिल्याच फटक्यात ती चर्चच्याच अधिकाराविरुद्ध वापरली.

आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी १८८६ मध्ये त्या फिलाडेल्फियास गेल्या आणि तेथे जवळजवळ तीन वर्षे राहिल्या. बालोद्यान पद्धती शिकल्या, व्याख्याने देत देशभर हिंडल्या. १८८७ मध्ये 'द हाय कास्ट हिंदू वुमन' प्रसिद्ध झाले, त्याच्या हजारो प्रती खपल्या आणि उत्पन्न नियोजित शाळेच्या निधीत गेले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात बॉस्टन येथे 'रमाबाई असोसिएशन' स्थापन झाले. उच्चवर्णीय हिंदू विधवांसाठी एक शाळा, तिला दहा वर्षे आर्थिक पाठबळ, आणि शिक्षण कोणत्याही पंथाचे नसावे, ही तिची मुख्य सूत्रे होती. गावोगावच्या मंडळांनी लहान लहान वर्गण्यांची हमी घ्यावयाची, अशी योजना होती. वर्गणीच्या या लोकशाही रीतीचे रमाबाईंना केवढे अप्रूप वाटले, ते १८८९ मधील 'यूनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' या त्यांच्या मराठी ग्रंथातील स्त्रियांच्या संस्थांच्या वर्णनावरून कळते. एका मोठ्या यजमानाच्या दानावर पोसलेल्या पुराणिकाची मुलगी अनेक अनोळखी स्त्रियांच्या थेंबाथेंबाने जमलेल्या निधीची विश्वस्त होत होती. दान घेणाऱ्या ब्राह्मणास यजमानाला हिशेब द्यावा लागत नसे. बॉस्टनला मात्र दरसाल अहवाल जावयाचा होता.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईस चौपाटीनजीक 'शारदा सदन' उघडले. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या. याच पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या. १८९० च्या अखेरीस सदन पुण्यास आले. सल्लागार मंडळात न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे लोक होते. १८९३ मध्ये हे मंडळ फुटले. रमाबाई आपल्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करीत. काही मुली तेथे जाऊन बसू लागल्या. मुलींना ख्रिस्ती धर्माकडे वळविले जात आहे असा आरोप झाला, 'केसरी'ने तो लावून धरला, सल्लागारांनी राजीनामे दिले आणि बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या.

या प्रकरणात एक बाजू कपटी व दुसरी निष्पाप असे चित्र रंगविण्याची चाल दोन्हीकडे आहे. कारभारीपणाच्या दृष्टीने पाहिले तर मामला अधिक गुंतागुंतीचा दिसतो. सदनात एकाच वेळी तीन ठेवी होत्या. पैसा बॉस्टनचा, पत पुण्याच्या सुधारकांची आणि मुली पालकांच्या. बॉस्टनच्या दृष्टीने रमाबाईंनी कराराचा भंग केला नव्हता: सक्ती नव्हती, धर्मशिक्षण अभ्यासक्रमात नव्हते, हिंदू मुलींना आपले आचार पाळण्याची पूर्ण मुभा होती, म्हणून असोसिएशन त्यांच्या पाठीशी राहिले. सुधारकांचा अनुभव निराळा होता. सनातनी टीकेच्या तोंडी त्यांनी आपले नाव गहाण टाकले होते, आणि ते नाव ज्या अर्थाने दिले गेले त्या अर्थाने वापरले जात नाही, अशी त्यांची समजूत झाली. तटस्थता म्हणजे धर्माविषयी मौन, असे ते समजत. रमाबाई तिचा अर्थ मोकळीक असा करीत. आपल्या घरात आपण प्रार्थना लपवून करणार नाही आणि येणारीला हाकलणार नाही, ही त्यांची बाजू प्रामाणिक होती यात शंका नाही. तथापि आश्रित, परावलंबी आणि कोवळ्या वयाच्या मुलीपुढे उघडे असलेले दार आणि स्वतंत्र प्रौढ व्यक्तीपुढचे उघडे दार एकच नव्हे, हा आक्षेप तेवढ्याने निकालात निघत नाही. पुढील काही वर्षांत सदनातील काही विधवांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा सुधारकांना आपला संशय खरा ठरल्यासारखे वाटले असल्यास नवल नाही. मुलींच्या इच्छेचा विचार या सर्व वादात सर्वांत कमी झाला, हे येथे नमूद केले पाहिजे. त्या कोणाच्या तरी ठेवी आहेत, हे मात्र सर्वच पक्षांना मान्य होते.

या वादाच्या सुमारास रमाबाईंच्या श्रद्धेतही बदल होत होता. आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला पण ख्रिस्त आपणास गवसला नव्हता, असे त्यांनी पुढे या काळाविषयी लिहिले. ब्रिस्टलचे अनाथाश्रम चालविणारे जॉर्ज म्यूलर आणि चीनमध्ये काम करणारे हडसन टेलर यांची चरित्रे त्यांच्या वाचनात आली. माणसांकडे पैसा न मागता केवळ प्रार्थनेवर संस्था चालविण्याचा या दोघांचा प्रघात त्यांच्या मनात रुजला. असे असूनही त्यांनी व्यवहार सोडला नाही. बॉस्टनच्या मदतीची मुदत संपत येणार हे ओळखून पुणे-सोलापूर लोहमार्गावरील केडगावनजीक त्यांनी शेतजमीन घेतली, विहिरी खोदल्या, फळझाडे लावली. बागेच्या उत्पन्नावर सदन स्वावलंबी व्हावे, हा हेतू. प्रार्थना आणि फळबाग यांत त्यांना विसंगती दिसली नाही.

बागेचा लाभ व्हावयाच्या आधीच १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातील उपाशी मुली व विधवा यांची हकीकत कळताच रमाबाई स्वतः तिकडे गेल्या. आपल्या आईबापांचे मरण त्यांच्या डोळ्यांपुढे होते. तीनशे मुली आणावयाच्या असा संकल्प करून त्यांनी जमतील तशा मुली आणल्या. पुण्यात प्लेगमुळे निर्बंध होते, म्हणून त्यांना केडगावी ठेवले. शेतातील झोपड्यांतून 'मुक्ती' संस्था उभी राहिली. येथे त्यांनी एक महत्त्वाची काळजी घेतली. 'शारदा सदन' बॉस्टनच्या पैशावर आणि बॉस्टनच्या अटींवर चालत होते; 'मुक्ती' उघडपणे ख्रिस्ती होती आणि तिचा निधी निराळा होता. एका हेतूने आलेला पैसा दुसऱ्या हेतूस लावावयाचा नाही, हा दंडक १८९३ च्या अनुभवातून अधिक कडक झाला असावा. १८९८ मध्ये दहा वर्षांची मुदत संपली तेव्हा त्या स्वतः अमेरिकेस गेल्या, कामाचा वृत्तांत दिला आणि असोसिएशनची नव्याने घडी बसविली. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर केडगावच्या रहिवाशांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

एवढ्या वस्तीला अन्न, वस्त्र, निवारा देणे ही त्या काळी एखाद्या लहान संस्थानाच्या तोडीची गोष्ट होती. शेती, गोठा, विणकाम, तेलाचा घाणा, धुलाई, सुतारकाम, छापखाना अशी अनेक खाती मुलीच चालवीत. अंध मुलींना मनोरमाबाईंच्या प्रयत्नाने ब्रेल लिपी शिकविली जाई. फसविल्या गेलेल्या स्त्रियांसाठी 'कृपा सदन' वेगळे होते. पैसा कोठून येई? रमाबाईंचे उत्तर ठरलेले असे: माणसांकडे मागत नाही, देव पाठवितो. या उत्तरात खोटेपणा नाही; पण ते पूर्णही नाही. 'मुक्ती प्रेयर बेल' हे इंग्रजी पत्र आणि परदेशी पाहुण्यांची वृत्ते यांतून केडगावची गरज दूरदूर पोहोचत होती, आणि न मागितलेल्या पैशालाही वाट लागते ती अशा लेखनाचीच. रमाबाईंचे इंग्रजी गद्य हे या अर्थाने संस्थेचे एक खातेच होते. प्रत्यक्ष याचना टाळून वृत्तांत देत राहणे ही पुराणिकाच्या घरातील जुनी रीतही होती. अनंतशास्त्री भिक्षा मागत नसत. ते पुराण सांगत.

वेळेचा हिशेब सर्वांत अवघड आहे. साधारण १९०४-०५ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे सुमारे सतरा वर्षे, रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून मराठीत बायबल आणण्याचे काम केले. या भाषा त्यांनी उतारवयाकडे झुकताना शिकून घेतल्या. पूर्वीच्या मराठी बायबलांत पंडिती संस्कृत शब्दांचा भरणा आहे. त्या शब्दांबरोबर हिंदू तत्त्वज्ञानाचे व पुराणांचे अर्थ नकळत येतात आणि अशिक्षित स्त्रीला ते कळतही नाहीत, अशी त्यांची दुहेरी तक्रार होती. संस्कृत शब्दांचे वजन ज्यांना इतरांपेक्षा अधिक कळत होते त्यांनीच ते शब्द वेचून दूर करावेत, यात एक कठोर त्याग आहे. देवळाच्या पायरीवर पुराणे मुखोद्गत म्हणणाऱ्या, वयाच्या पंचविशीपूर्वी 'सरस्वती' झालेल्या बाईंनी आपली सर्वांत मोठी देणगी तिच्याच विरुद्ध वापरली; नको ते शब्द ओळखण्यापुरता त्यांनी संस्कृतचा उपयोग केला.

साहित्याच्या अभ्यासकास येथे थांबावे लागते. 'स्त्रीधर्मनीति'चे गद्य उपदेशाच्या भाराने वाकलेले आहे, परंतु सात वर्षांनंतरचे अमेरिकेचे पुस्तक चौकस, मिस्कील, तुलनेची आवड असलेले आणि राजकीय जाणिवेचे गद्य आहे. त्या तोडीचे स्वतंत्र मराठी पुस्तक रमाबाईंनी नंतर लिहिले नाही. ज्या वर्षांत ते लिहिले जाण्याची शक्यता होती ती वर्षे प्रथम दुष्काळाने आणि नंतर बायबलने घेतली. धर्मांतराने मराठी साहित्याचे नुकसान केले, असा निष्कर्ष यावरून काढणे सोपे आहे. तो पुरेसा न्याय्य मात्र नाही. दोन हजार माणसांची भाकरी ज्या बाईंवर अवलंबून आहे त्यांनी पुस्तके लिहावयास हवी होती, असे म्हणण्याचा अधिकार वाचकास कितपत आहे, हा प्रश्न आहेच. परंतु भाषांतराच्या निवडीलाही तेवढीच सूट देता येत नाही. मराठीत बायबल नव्हते असे नाही. चांगल्या जाणकारांनी सुधारलेली भाषांतरे वापरात होती. एकटीने, समितीवाचून, दोन नव्या भाषा शिकून नवे भाषांतर करणे हा विद्येचा सर्वांत फलदायी विनियोग होता काय? रमाबाईंचे भाषांतर मूळ शब्दाला घट्ट धरून चालते आणि त्यामुळे सोपा शब्द असूनही वाक्य पुष्कळदा अवघडते. बोली मराठीचा जो ओघ प्रवासवृत्तात सहज आला, तो येथे अभावानेच आढळतो. मराठी ख्रिस्ती उपासनेची भाषा घडविण्याचे काम प्रत्यक्षात नारायण वामन टिळकांच्या अभंगांनी आणि पदांनी अधिक केले. टिळकांनी संतांच्या शब्दांतील जुने अर्थ काढून टाकले नाहीत. ते तसेच ठेवून ख्रिस्ताकडे वळविले. ठेव कशी वापरावी याची ही दोन परस्परविरुद्ध उत्तरे आहेत आणि मराठी ख्रिस्ती समाजाने आपल्या गळ्यात कोणते उत्तर ठेवले, ते सर्वश्रुत आहे.

रमाबाईंना हा पर्याय मान्य होण्यासारखा नव्हता. त्यांनी ज्या वाचकास डोळ्यांपुढे ठेवले होते तो वारकरी कीर्तनाच्या संस्कारात वाढलेला श्रोता नव्हता. ती केडगावच्या आवारातील, दुष्काळात उचलून आणलेली, नुकतीच अक्षरओळख झालेली मुलगी होती. तिच्यासाठी प्रत्येक शब्द धुऊन घेतला पाहिजे, असा त्यांचा ध्यास. हे भाषांतर विद्वानांच्या पसंतीसाठी केलेले नव्हते आणि ते त्या पसंतीस उतरलेही नाही.

अखेरची वर्षे एकाकी होती. कार्याची धुरा जिने उचलावयाची ती मनोरमा १९२१ च्या जुलैत निवर्तली. ऐकू येणे जवळजवळ बंद झाले होते, शरीर थकले होते. तरीही मुद्रितांची तपासणी चालू राहिली. नवा करार आधीच छापून झाला होता. जुन्या कराराचे काम हातावेगळे केल्यावर ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे रमाबाईंचा मृत्यू झाला. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये 'मुक्ती'च्याच छापखान्यातून बाहेर पडले. त्याचे खिळे जुळविणे, छापणे व बांधणी ही कामे केडगावच्या स्त्रियांनी केली होती. उपासमारीतून येथे येताना त्यांच्यापैकी बहुतेकींना एकही अक्षर वाचता येत नव्हते.